मानक खुले, दार बंद

सायखेड्याच्या बाजारात मिळणाऱ्या मोबाइलच्या वायरीमागे १९९६ साली आलेले यूएसबी हे मानक आहे. त्याचा मसुदा कुणालाही फुकट वाचता येतो. परंतु त्यावर वस्तू बनवू पाहणाऱ्या छोट्या कंपनीला मानक संस्थेच्या सदस्यत्वातून स्वतःचा विक्रेता क्रमांक घ्यायचा, तर वर्षाला ५,००० डॉलर लागतात. वडिलोपार्जित भांडवल नसलेला आमचा अभियंता तरुण इथेच अडतो.

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के खरेदी राखीव आहे. पण ती माल तयार झाल्यावरची गोष्ट. माल तयार व्हायच्या आधीच्या शुल्काचे काय?

१९३० साली बाबासाहेबांनी नाशकात काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे सत्याग्रह केला. त्याच जिल्ह्यातील तरुणापुढे आज शुल्काचे दार आहे. ते शुल्क शासनाने भरावे, ही आमची मागणी आहे.