जुना संगणक आणि घरचे दप्तर

आमच्या वाचक भगिनींपैकी एकीने असे विचारले आहे की, घरात चौदा वर्षांचा एक संगणक आहे; मुलांनी आपापली नवी यंत्रे घेतल्यापासून तो माजघरात झाकून ठेवलेला असतो. त्यावर विंडोज ७ आहे व रॅम अवघी दोन जीबी. घराण्याची वंशावळ, मामंजींच्या ग्रंथसंग्रहाची यादी आणि लग्नमुंजींतील देण्याघेण्याच्या नोंदी त्यावर ठेवावयाच्या आहेत, तर त्याकरिता कोणता डेटाबेस घ्यावा? प्रश्न दिसण्यात लहान आहे. परंतु ह्याच बाबतीत आम्ही एकदा विचार न करता वागलो होतो, व त्याचे जे फळ पदरी पडले ते आधी सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आमच्या थोरल्या काकांनी सेवानिवृत्तीनंतर, १९९८ पासून, तीनचार वर्षे खपून घराण्यातील चारशेंहून अधिक माणसांची नोंद संगणकावर केली होती. त्या काळी डीबेस नावाचे सॉफ्टवेअर बरेच प्रचारात होते. त्याच्या साच्यात ही नोंद होती. नाव, जन्म, माहेर, सासर हे रकाने तर होतेच. पण खरा जीव होता तो ‘शेरा’ ह्या रकान्यात. कोण ग्वाल्हेरीस नोकरीला गेला आणि परतलाच नाही, कोणत्या आत्याने स्वतः उपाशी राहून चार पुतणे वाढविले, कोणत्या दोन भावांत विहिरीच्या पाण्यावरून वीस वर्षे अबोला होता, हे सारे काका तेथे लिहीत. २००९ साली ते यंत्र मोडीत काढताना आम्ही वंशावळीची फाईल पेनड्राइव्हवर उतरून घेतली व कर्तव्य पार पडले असे समजून स्वस्थ बसलो. डीबेसमध्ये लांब मजकूर मूळ फायलीत राहत नाही. तो शेजारच्या, नावापुढे डीबीटी अशी अक्षरे असलेल्या निराळ्या फायलीत राहतो, आणि मूळ फायलीत असतो तो केवळ त्याचा ठावठिकाणा. ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. नावे हाती आली, शेरे गेले. काका तोवर राहिले नव्हते.

नावे तरी सुखासुखी आली असे नाही. ती युनिकोडपूर्व मराठी फॉन्टात टंकलेली असल्यामुळे पडद्यावर सारी रोमन चिन्हांची रांगोळी दिसे. तो फॉन्ट कोणता हे शोधून, परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणून, मग जोडाक्षरे एकेक करून दुरुस्त करण्यात आमच्या तीन रात्री गेल्या. मात्र डीबेसची मूळ फाईल इतकी सर्वपरिचित आहे की लिबर-ऑफिस ती आजही उघडते. म्हणूनच एवढे तरी वाचले. तेव्हापासून कोणी नवे सॉफ्टवेअर दाखविले की, यात माहिती भरावी कशी हे आम्ही मागाहून विचारतो. ती बाहेर काढावी कशी हे आधी.

आता भगिनींच्या प्रश्नाकडे. त्यांच्या तीन कामांपैकी दोहोंस डेटाबेसची मुळीच गरज नाही. ग्रंथांची यादी व आहेराच्या नोंदी साध्या स्प्रेडशीटमध्ये उत्तम राहतात, व दोन जीबीच्या यंत्रास तिचा भारही होत नाही. वंशावळीची गोष्ट निराळी. एक तर एक्सेल १ जानेवारी १९०० च्या पूर्वीची तारीख ही तारीख म्हणून ओळखतच नाही, आणि पणजोबांचा जन्म तर त्याच्याही आधीचा! दुसरे असे की, घराणे हे एका तक्त्यात मावणारे प्रकरण नव्हे. प्रत्येक माणसास एक क्रमांक द्यावा, त्याच्यापुढे आईचा व वडिलांचा क्रमांक लिहावा, विवाहांचा तक्ता स्वतंत्र ठेवावा. म्हणजे द्वितीय संबंध असो, मामेघराणे असो, सारे जागच्या जागी बसते. दत्तक गेलेल्या मुलास जनक पिता व दत्तक पिता असे दोन रकाने लागतात, हे प्रारंभीच योजून ठेवावे. नावाऐवजी क्रमांकांनी तक्ते जोडण्याचा सर्वांत मोठा लाभ घरच्या मुलींना होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक घराण्यांनी कुलवृत्तान्त छापले. त्यांत मुलगी बहुधा ‘अमक्यांस दिली’ एवढ्या उल्लेखानंतर दिसेनाशी होते, आणि सून येते ती आईबापांवाचून. क्रमांक मात्र नाव बदलले तरी बदलत नाही. तक्त्यातक्त्यांचा असा संबंध जोडण्याची उपपत्ती आयबीएममधील एडगर कॉड ह्या संशोधकाने १९७० साली मांडली. ती आमच्या आत्याबाईंना तिच्या माहेरी परत आणील असे त्याच्या मनातही आले नसेल.

ह्या कामास तीन साधने विचारात घेण्याजोगी आहेत. यंत्रावर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस आधीच असेल, तर माहिती भरण्याचे अर्ज व छापील तक्ते करण्यास त्याच्याइतके सोयीचे दुसरे नाही. परंतु ते विकतचे आहे, आणि १९९७ च्या अ‍ॅक्सेसमधील फायली २०१३ च्या अ‍ॅक्सेसने उघडणे सोडून दिले, हेही ध्यानात असू द्यावे. लिबर-ऑफिसमधील बेस फुकट आहे, पण नेहमीच्या वापरात ते जावाचा आधार मागते व दोन जीबीत धापा टाकते. शिवाय २०२५ मधील २५.८ ह्या आवृत्तीपासून लिबर-ऑफिसने विंडोज ७ ची साथ सोडली आहे, तेव्हा त्याची मागील आवृत्तीच घ्यावी लागेल. मायएसक्यूएलसारखी मोठी साधने पुष्कळजण सुचवितात. घरच्या वंशावळीसाठी ती आणणे म्हणजे अंघोळीच्या पाण्याकरिता गिरणीचा बॉयलर पेटविणे होय.

आम्ही कौल देतो तो एसक्यूलाइटला. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते निर्माण केले व कोणताही हक्क न राखता सर्वांस खुले केले. आकाराने ते एक एमबीच्या आसपास, आणि आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये न सांगता आधीपासून असते. सर्व तक्ते, लांबलांब शेरे धरून, एकाच फायलीत राहतात. हे आम्हांस का महत्त्वाचे वाटते ते आता सांगावयास नको. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीच्या दीर्घ जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत त्याची गणना केली आहे, आणि त्याच्या कर्त्यांनी २०५० पर्यंत ते सांभाळण्याचा संकल्प जाहीर केला आहे. डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे फुकट सॉफ्टवेअर सोबत घ्यावे, म्हणजे तक्ते डोळ्यांनी पाहून भरता येतात. दोष एवढाच की, त्याचे रूप अगदी रुक्ष आहे. सुबक अर्ज नाहीत, रंग नाहीत. सासूबाई पहिल्या दिवशी नाक मुरडतील.

शके व तिथी जशी मिळेल तशी अक्षरांत निराळ्या रकान्यात ठेवावी; इसवी सन शेजारी. शकात ७८ किंवा ७९ मिळविले की सन येतो, पण पौष-माघातील जन्मांना घाईने ७८ मिळवू नये. सीएसव्ही प्रत यूटीएफ-८ मध्येच काढावी; जुन्या एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. विंडोज ७ ची सुरक्षा-सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, म्हणून हे यंत्र इंटरनेटला जोडू नये. लागेल ते नव्या यंत्रावर उतरवून पेनड्राइव्हने न्यावे. आणि चौदा वर्षांच्या हार्ड डिस्कवर विश्वास तो किती ठेवावा! एक प्रत नणंदेकडे असू द्यावी, एक कागदावर.

आमच्याकडील फायलीत शेऱ्याचा रकाना आम्ही पुन्हा उघडला आहे. धाकट्या आत्याबाई एक्याण्णव वर्षांच्या आहेत. दुपारच्या चहानंतर त्या आठवून सांगतात आणि आमची सून टंकते. विहिरीच्या भांडणाची त्यांची हकीकत काकांच्या हकीकतीहून अगदी निराळी निघाली. आजवर एकतीस नावांचे शेरे भरून झाले आहेत.