मर्यादा पाच लाखांची, तरी ‘बेड नाही’ का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाख झाली. तरीही वस्तीतला रुग्ण रेशनकार्ड घेऊन जातो आणि ‘बेड नाही’ ऐकून परततो.

रुग्णालये काय सांगतात? प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला आहे. खर्च त्यापुढे गेला तर भार त्यांच्यावर. शिवाय दाव्यावर शंका निघतात, कपात होते, पैसे अडकतात. मोठे रुग्णालय हे रोखीच्या रुग्णांवर भरून काढते. तालुक्याच्या छोट्या रुग्णालयाला ते जमत नाही.

ही तक्रार रास्त आहे. मर्यादा वाढली म्हणून उपचाराचा दर आपोआप वाढत नाही. पण त्याची किंमत गरिबाने का मोजायची? योजनेतल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेणे नियमबाह्यच आहे.

म्हणून मागणी दुहेरी हवी: दावे किती दिवसांत निकाली निघाले, हे सरकारने रुग्णालयनिहाय जाहीर करावे, आणि नाकारलेल्या प्रत्येक रुग्णाचा जाब रुग्णालयाने द्यावा. कार्यकर्त्यांनी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठावे, नकार लेखी मागावा, १५५३८८ वर तक्रार करावी. तोंडी नकाराची नोंद कुठेच राहत नाही.