वजन आणि बळ

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात राजूर हे गाव आहे. तेथील गणपतीच्या दर्शनास अंगारकी चतुर्थीला मोठी गर्दी लोटते. जालन्यापासून राजूर सुमारे 25 किलोमीटर दूर. पण कित्येक भाविक हे अंतर पायीच तोडतात. वाटेत आपले वजन किती घटले, याचा विचार कोणीही करीत नाही. तरीही त्या चालण्याने छातीचे ठोके वाढतात, श्वास खोल होतो आणि पायांना चांगला व्यायाम घडतो. ज्याला रोज चालण्याची सवय आहे, त्याला ही वाट जड जात नाही. जो एरवी बसून असतो, त्याचे पाय मात्र अर्ध्या वाटेतच भरून येतात. बळ एका दिवसात मिळत नाही, ते नित्याच्या सवयीने मिळते, हेच यावरून दिसून येते.

कुस्तीच्या तालमीतही हाच नियम आहे. पहाटे धावावे, जोर-बैठका काढाव्यात, आखाड्याची माती खणावी आणि मग जोडीदाराशी लढावे, हा पहिलवानाचा नित्यक्रम असतो. जोर-बैठकांनी खांदे व मांड्या भरतात. धावण्याने दम वाढतो. ज्याचा दम आधी तुटतो, त्याला येत असलेले डावही ऐन वेळी उपयोगी पडत नाहीत.

कुस्तीत वजनाला महत्त्व आहे, ही गोष्ट खरी. बलाढ्य मल्लाशी किरकोळ मल्लाची गाठ पडू नये, म्हणून स्पर्धेत वजनाचे गट पाडलेले असतात. हा नियम न्यायाचाच आहे. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये 52 किलोच्या गटात लढले व सहावे आले. 1952 साली हेलसिंकी येथे ते 57 किलोच्या गटात उतरले आणि त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. चार वर्षांत त्यांचा गट वरचा झाला आणि यशही वरचे मिळाले.

परंतु न्यायाच्या या नियमातून एक मोहही उत्पन्न होतो. खालच्या गटात बसावे म्हणून काही खेळाडू जेवण टाकतात, पाणी पीत नाहीत व जाड कपडे घालून घाम गाळतात. अशाने काटा खाली येतो खरा; पण एका रात्रीत जे जाते, ते मुख्यतः शरीरातील पाणी असते. मेद इतक्या लवकर झडत नाही. 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट हिने एकाच दिवशी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. वजन उतरविण्यासाठी तिने रात्रभर खटपट केली, केसही कापले. तरी सकाळी ते 50 किलोपेक्षा 100 ग्रॅम अधिक भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. 1997 साली अमेरिकेत तर असे झटपट वजन उतरविताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर प्राणास मुकले. त्यानंतर तेथील नियम बदलावे लागले.

ज्यांच्याजवळ शिक्षक व वैद्य असतात, अशा प्रौढ खेळाडूंची जर ही गत, तर वाढत्या वयाच्या मुलांनी या मार्गाला जाणे किती घातक! स्थूल मुलाने वजन कमी करू नये, असा याचा अर्थ नव्हे. त्याने रोज धावावे, पोहावे, खेळावे. भाकरी, डाळ, भाजी वेळेवर खावी आणि तहान लागताच पाणी प्यावे. मेद सावकाश उतरेल आणि दम वाढेल. कृश मुलानेही हाच क्रम ठेवावा. त्याच्या अंगी बळ येईल.

काटा केवळ भार सांगतो. बळ सांगत नाही. राजूरच्या वाटेवर ज्याचे पाय अखेरपर्यंत चालतात, त्याच्या बळाचे माप ती वाटच देते.