मैदानावरील वेळेची चोरी

फुटबॉलमधील वेळकाढूपणाला आणि लबाडीला आळा घालण्यासाठी कायद्यात आणखी कोणते फेरफार करावेत, याची चर्चा सध्या जगभर चालू आहे, आणि कोणत्याही खेळाच्या कलमांविषयी मला असलेली आस्था या सदराच्या जुन्या वाचकांना परिचित असल्यामुळे मी तिकडे वळलो याचे त्यांना नवल वाटणार नाही. परंतु या खेपेस लेखणी उचलावयास भाग पाडले ते युरोपातील कोणत्या मंडळाने नव्हे, तर आपल्या सोलापुरातील एका मैदानाने.

जगाची हकीकत थोडक्यात अशी. फुटबॉलचे नियम ठरविणाऱ्या, १८८६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२५ च्या मार्चमध्ये ठराव केला की, गोलरक्षकाने चेंडू हाती धरून आठ सेकंदांहून अधिक काळ दवडल्यास प्रतिपक्षाला कॉर्नर द्यावा, आणि त्यांतील शेवटचे पाच सेकंद पंचाने हात उंचावून मोजून दाखवावेत. तत्पूर्वी मुदत सहा सेकंदांची होती आणि शिक्षा गोलच्या तोंडाशी अप्रत्यक्ष फ्री किकची, म्हणजे इतकी जबर होती की पंच ती देण्यास सहसा धजत नसत व ते कलम पुस्तकातच पडून राही. मुदत वाढवली, शिक्षा सौम्य केली आणि अंमल मात्र खरा केला, यात मला मोठे शहाणपण दिसते.

आता आपल्या मैदानाकडे येतो. गेल्या आठवड्यात शाळकरी मुलांचा एक सामना पाहावयास गेलो असता, एका गोलची आघाडी घेतलेल्या संघातील बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा, ज्याच्या आसपास प्रतिपक्षाचा एकही खेळाडू नव्हता, एकाएकी घोटा धरून खाली बसला. बसण्यापूर्वी क्षणभर त्याची दृष्टी रेषेबाहेर उभ्या असलेल्या आपल्या मार्गदर्शकाकडे गेली होती, आणि त्या गृहस्थांनी तळहात खाली दाबून त्यास खूण केली होती, हे मी समोरच उभा असल्यामुळे स्पष्ट पाहिले. पाणी आले, औषधाचा फवारा आला, सोबती गोळा झाले, दोन-तीन मिनिटे गेली आणि मग तो मुलगा उठून हरणासारखा धावू लागला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला जितका खेद झाला तितका त्या मुलाच्या वर्तनाचा झाला नाही; कारण मुलाने आज्ञा पाळली होती, आणि आज्ञा देणारी व तिचे कौतुक करणारी माणसे वयाने प्रौढ होती.

परंतु खरा अनर्थ त्यापुढे घडला. शेवटची काही मिनिटे उरली असताना पिछाडीवर असलेल्या संघातील एक मुलगा धडकेने कोसळला, आणि या वेळी दुखापत खरी होती; पण एव्हाना लटक्या कण्हण्याला कंटाळलेल्या पंचांनी त्यालाही हातानेच उठण्याची खूण केली, प्रेक्षकांतून ‘ऊठ, ऊठ’ असा ओरडा झाला, आणि तो मुलगा डोळ्यांत पाणी आणून, लंगडत, एका पायावर भार देत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. मी पंचांस दोष देत नाही. खोट्या वेदनेचे चलन एकदा मैदानावर सुरू झाले म्हणजे खऱ्या वेदनेलाही कोणी मोल देत नाही, आणि हे नुकसान गोलांच्या संख्येत कोठेच नोंदवले जात नाही.

यावर कोणी सांगतात की गमावलेला वेळ शेवटी वाढवून दिला म्हणजे दाद मिळाली. २०२२ च्या कतारमधील विश्वचषकात हा इलाज मोठ्या निश्चयाने योजला गेला. इंग्लंड आणि इराण यांच्या सामन्यात दोन्ही अर्ध मिळून पंचवीस मिनिटांहून अधिक जादा खेळ झाला. ज्यांच्यापाशी प्रकाशझोत आहेत, रात्र मोकळी आहे आणि एका मैदानावर एकच सामना आहे, त्यांना ते शोभते. आपल्याकडे एकाच मैदानावर सकाळपासून सूर्यास्तापर्यंत सामन्यांची रांग लागलेली असते, पुढचे दोन संघ बूट बांधून रेषेवर ताटकळत असतात, दुपारचे ऊन मुलांना भाजत असते आणि अखेरच्या सामन्याला उजेड पुरत नाही. अशा ठिकाणी पंचाने चार मिनिटे वाढवावयाची ती कोणाच्या हिश्श्यातून? येथे चोरीस गेलेला काळ परत मिळत नाही. म्हणून आपणांस असा नियम हवा की ज्याच्या अंमलबजावणीस घड्याळ लागणार नाही, आणि ज्याची शिक्षा खेळातच, त्याच क्षणी, कसूर करणाऱ्याच्या पदरी पडेल.

असा नियम शोधण्यासाठी सोलापूर जिल्ह्याच्या माणसाने दूर जाण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्यात वेळापूर आणि वाडीकुरोली ही खो-खोची गावे आहेत, त्या जिल्ह्यातील मुलांना काळाचा प्रामाणिक व्यवहार या खेळाने पिढ्यान्‌पिढ्या शिकवला आहे. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाचे नियम बांधले गेले, त्या नियमांचा मी जितका विचार करतो तितका ते बांधणाऱ्यांविषयीचा माझा आदर वाढतो. वेळ काढणे हा तेथे अपराध नसून संरक्षकाचा धर्मच आहे. परंतु तो वेळ त्याला बसून, लोळून अथवा चेंडू कवटाळून मिळत नाही, तर साखळी पळतीने, हुलकावणीने आणि छातीतील श्वासाने क्षणाक्षणाला कमवावा लागतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याच्या नावापुढे त्याने किती मिनिटे आणि किती सेकंद संरक्षण केले हे छापून येते, आणि तो आकडा कात्रण करून ठेवण्याजोगा मान असतो. थांबला की गडी बाद. इतका सरळ हिशेब.

आक्रमकाची बाजूही तितकीच चोख. त्याने दिशा बदलली, मधली पाटी ओलांडली, अथवा बसलेला गडी खो मिळण्यापूर्वीच उठला, तर पंच खेळ थांबवून सभा भरवीत नाही. शिट्टी वाजवीत त्याला उलट दिशेने जाण्यास भाग पाडतो, आणि त्या अवधीत घड्याळ चालूच राहते. अपराध्याचाच काळ खर्ची पडतो, निरपराध्याचा नाही. आणि तेथे पडणारा मुलगा कोण, तर खांबापाशी अंग झोकून गडी टिपणारा. त्याची ढोपरे मातीने सोलून निघतात, पण खेळ त्याच्यासाठी थांबणार नाही हे माहीत असल्यामुळे तो पुसत पुसत उठतो आणि आपल्या चौकटीत बसतो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी जिंकला, आणि दोहोंचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. परंतु त्या विजयाहूनही, जगाने आपल्याकडून घेण्याजोगी वस्तू ही शिक्षेची पद्धती आहे असे मी मानतो.

कबड्डीचेही तसेच. जुन्या हुतूतूत श्वास हीच मुदत होती; निदान रेषा ओलांडल्यावाचून परतणारा चढाईपटू बाद होई; पुढे चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली, आणि आघाडीवरच्या संघाने रिकाम्या चढायांनी घड्याळ पळवू नये म्हणून व्यावसायिक स्पर्धेत दोन निष्फळ चढायांनंतरची तिसरी निर्णायक ठरवली गेली. फुटबॉलने असा धडा घेण्यास फार विलंब लावला. १९८२ मध्ये स्पेनमधील हिहोन येथे पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांनी, एक गोल झाल्यावर तोच निकाल दोघांच्याही सोयीचा असल्याने, उरलेला सामना निरर्थक टोलवाटोलवीत घालवून अल्जीरियाला स्पर्धेबाहेर केले, तेव्हा कोठे गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवण्याची तजवीज पुढच्या विश्वचषकापासून झाली; आणि सोबत्याने पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाती घेऊ नये हा नियम येण्यास १९९२ साल उजाडावे लागले.

आपल्या जिल्ह्यातील शालेय स्पर्धांच्या संयोजकांस माझी विनंती आहे की त्यांनी कोणाच्या ठरावाची वाट पाहू नये. थ्रो-इन अथवा फ्री किक घेण्यास जाणूनबुजून विलंब करणाऱ्याकडून ती काढून प्रतिपक्षास द्यावी. मैदानात उपचार घेतलेल्या खेळाडूने दोन मिनिटे बाहेर बसावे. मात्र त्याला पाडणाऱ्यास पंचांनी कार्ड दाखवले असेल तर ही अट लागू करू नये, म्हणजे खऱ्या जखमी मुलावर अन्याय होणार नाही. आणि जो मार्गदर्शक मुलास पडण्याची खूण करील, त्यास त्या दिवसापुरते मैदानाबाहेर काढावे. पालकांनी खोट्या पडण्यावर टाळी वाजवू नये. पुढील स्पर्धेची कार्यक्रमपत्रिका जेव्हा छापावयास जाईल, तेव्हा हे नियम तिच्या पहिल्याच पानावर छापावेत.