फियाटचा मेकअप

मंडळी, सध्या जुन्या फियाटी बाहेर काढायची लाट आलीये. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली आणि सगळ्यांनाच आजोबांची गाडी आठवली. आनंद आहे! पण आमच्या कडेगावात काय किंवा पुण्यात काय, पैसा जातो कुठे? रंग, क्रोम, सीट कव्हर. पुढची चाकं ज्यावर उभी आहेत, त्याला फक्त काळ्या रंगाचा एक हात. याला मी रिस्टोरेशन म्हणत नाही, मेकअप म्हणतो.

कुर्ल्यात बनलेल्या या गाडीला मागे कमानपाटे, पुढे वर-खाली विशबोन आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. पुढचं चाक वळतं ते किंगपिनवर. तिथे ग्रीस पोचलं नाही की पिन आणि बुश एकमेकांना खातात.

मग सुरू होतं ‘मजबुतीकरण’. गंजक्या पत्र्यावर जाड पट्टी ठेवून वेल्डिंग. "साहेब, आता ट्रॅक्टर झाला!" अहो, पण ट्रॅक्टर हवाय कुणाला? गंज आत खातच राहतो, आणि पट्टी संपते तिथे ताण गोळा होऊन नवी चीर पडते. आमच्या धंद्यात याला पॅच म्हणतात. फरक इतकाच की सर्व्हर पडला तर फोन येतो. इथे आत आई-बाबा बसलेले असतात. उसाच्या हंगामात कऱ्हाड-विटा रस्त्यावर अंधारात बिनदिव्याची ट्रॉली समोर आली, तर क्रोम काय कामाचं?

करायचंच तर नीट करा. सगळं उघडा, गंज काढा. रंगाआधी डाय पेनिट्रंटने तपासा: लाल डाय लावायचा, थोड्या वेळाने पुसायचा, पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर लाल रेघ आपोआप उमटते. चिरलेला आर्म तापवून ठोकू नका, बदला. सडलेला पत्रा चांगला भाग लागेपर्यंत कापून त्याच जाडीचा नवा घाला. किंगपिन आणि बुश जोडीनेच बदला. अलाइनमेंट शेवटी. आणि हो, ५० वर्षांवरच्या गाड्यांच्या ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या २०२१ च्या केंद्रीय नियमांतही चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत, अशी अट आहे.

"पार्ट मिळत नाहीत, खर्च फार होतो." मान्य! मग रंग पुढच्या वर्षी द्या ना. रंग उडालेली फियाट घरी पोचते. किंगपिन तुटलेली पोचेलच असं नाही.