कुणाचे बीज, कुणाच्या नदीत?

सरकारी दप्तरात मासा किलोवर मोजला जातो आणि मत्स्यबीज नगावर. मासा कोणत्या नदीचा, हा प्रश्न त्या दप्तराला पडत नाही. निदान वाशीम जिल्ह्यात तरी तो पडायला हवा होता. इथली काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेतून तापीला मिळते, तर पैनगंगा वर्धा-प्राणहितेमार्गे गोदावरीला. एकाच जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना जाते. या दोन पाण्यांत एकाच नावाचा मासा असला, तरी ती युगानुयुगे दुरावलेली दोन घराणी असू शकतात.

ही घराणी आज जनुकीय खुणांवरून ओळखता येतात. पराचा नखाएवढा तुकडा पुरतो, मासा जिवंत सोडता येतो. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो १९८३ पासून आहे, आज तो लखनौला आहे. तेव्हा ज्ञानाच्या अभावाची सबब चालणार नाही.

ही चैन आहे काय? कावेरीकडे पाहा. १९७०च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने महसीरचे बीज वाढवले. हेतू चांगलाच होता. ती पिल्ले कावेरीतही गेली आणि फोफावली. तिथला मूळचा, पाठीवर कुबड असलेला महसीर मात्र ओसरत गेला. त्याची शास्त्रीय ओळख जनुकीय पुराव्याने पटली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. बारशालाच वैद्य बोलवावा लागला!

चढणीचा मासा पावसाळ्यातल्या पुराबरोबर वर चढून अंडी घालतो. पैनगंगेवर खाली इसापूरचे धरण, वर वाशीम जिल्ह्यात बॅरेजेस. आधी त्याची वाट अडवायची, मग गंगेच्या खोऱ्यातल्या कटला-रोहूचे बीज जलाशयात टाकून भोई समाजाची भरपाई झाली म्हणायचे! त्या बिजावर कुटुंबे जगतात, हे कोण नाकारील? पण त्याला संवर्धन म्हणू नये.

आणि उद्या कोणी बंधाऱ्याच्या वरचे व खालचे मासे तपासून 'जनुकीय फरक नाही' असा दाखला पुढे करील, त्यालाही भुलू नये. तो फरक उमटायला माशांच्या अनेक पिढ्या जाव्या लागतात. बंधारा वाट तोडतो ती पहिल्याच पावसाळ्यात.

तेव्हा नवे बीज सोडण्याआधी दोन्ही खोऱ्यांतील मूळ माशांची जनुकीय नोंद झाली पाहिजे. नमुने भोयांच्या जाळ्यातून घ्यावेत, निष्कर्ष त्यांच्या सहकारी संस्थांपुढे मराठीत वाचावेत, आणि पावसाळ्यात बॅरेजचे दरवाजे कधी उघडायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना खुर्ची द्यावी.