बंपरचा रंग आणि श्वासाची किंमत

सांगोल्यात आठवडी बाजाराच्या गर्दीतून गाडी काढताना किंवा घराजवळच्या बोळात वळवताना बंपरला ओरखडा उठणे ही नेहमीची गोष्ट. एवढ्यासाठी विम्याचा दावा करणे बहुधा परवडत नाही. साध्या सर्वसमावेशक विम्यात प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, लहान गाडीलाही सक्तीचे हजार रुपये पदरचे घालावे लागतात. शिवाय वर्षभर दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी २० ते ५० टक्क्यांची सवलत हातची जाते. मग स्प्रेचा डबा मागवून सुट्टीच्या दिवशी पोर्चमध्येच काम उरकले जाते. पैसे वाचतात हे खरे; पण गॅरेजमधले काम घरात येते तेव्हा त्याचा धोकाही घरात येतो, आणि त्यापासून वाचवणारे नियम मात्र उंबऱ्याबाहेर राहतात.

डब्यात फक्त रंग नसतो. रंग पातळ ठेवणारी टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन यांसारखी द्रावके असतात आणि तो बाहेर ढकलणारा वायू असतो. पूर्वी यासाठी सीएफसी वायू वापरत. ते ओझोनचा थर विरळ करतात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. आज बहुतेक डब्यांत प्रोपेन आणि ब्युटेन असतात, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचेच घटक. ओझोन वाचला, पण डबा ज्वलनशील झाला. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद जागेत जमिनीलगत साचतो. देवघरातली समई, गॅस गीझर किंवा इन्व्हर्टरची ठिणगीही मग पुरेशी ठरते.

द्रावकांची वाफ श्वासातून थेट रक्तात जाते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही तिची पहिली लक्षणे. हवेत तरंगणारे रंगाचे बारीक थेंब फुप्फुसांपर्यंत पोहोचतात. रंगकामाच्या व्यवसायातील संपर्काला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ पासून कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. हा निष्कर्ष वर्षानुवर्षे रोज रंग मारणाऱ्यांबद्दलचा आहे. एक बंपर रंगवल्याने कर्करोग होतो, असा त्याचा अर्थ नाही.

एका बंपरनेही घात करू शकेल अशी गोष्ट वेगळी आहे. गॅरेजसारखी चकाकी यावी म्हणून 'टू-के' क्लिअर कोटचे डबे मिळतात. तळाची कळ दाबली की आतला हार्डनर रंगात मिसळतो. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते दम्याला कारणीभूत ठरते, हे रंगकामगारांच्या अनुभवातून सिद्ध झाले आहे. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. वास येत नाही म्हणून हवेत ते नाही, असे समजण्यातही अर्थ नाही. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून अशा रंगांचा व्यावसायिक वापर करणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे आहे. जे काम तिथला कारागीर प्रशिक्षणाशिवाय करू शकत नाही, ते इथे पोर्चमध्ये, लेकरे आसपास खेळत असताना होते.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून रंगातील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा आहे. पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. गाड्यांचे रंग तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासला की धूळ उडत नाही.

डाळिंबाच्या बागांत फवारणी करणाऱ्या तालुक्याला वाऱ्याची दिशा शिकवावी लागत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा संरक्षक साधनांचा प्रश्न राज्यभर गाजला. रंग म्हणजे कीटकनाशक नव्हे; पण फवाऱ्याचा नियम तोच आहे. जे उडते ते नाकातोंडात जाते.

त्यामुळे काम करायचेच तर बंपर काढून उघड्या जागेत, वाऱ्याकडे पाठ न करता वारा बाजूने येईल असे उभे राहून करावे. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही, एन-९५ मास्कही फक्त कण अडवतो. वाफेसाठी सक्रिय कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांनी लांब राहावे. 'टू-के'चे काम घरी करूच नये. डबा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. ५० अंशांपुढे तो फुटू शकतो. रिकामा डबाही जाळू नये; २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात मोडत होते.

काम गॅरेजकडे सोपवले की घरचा धोका टळतो, पण संपत नाही. तो तिथल्या पोराच्या छातीत जातो. महामार्गाकडेला उघड्या तोंडाने रंग मारणाऱ्या त्या पोराला मास्क मिळतो का, हे गाडी सोडताना विचारायला ग्राहकाला पैसे पडत नाहीत.